वारा पाहून किनारा

सार्डिनियात सुट्टीच्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न असतो तो वाऱ्याचा. समुद्र कुठे छान आहे, असं तिथल्या कुणालाही विचारा, आधी तो बाहेर येऊन झाडांचे शेंडे कुठे झुकलेत ते बघतो. वायव्येकडून सुटणाऱ्या जोराच्या वाऱ्याला तिथं 'माएस्त्राले' म्हणतात. फ्रान्सच्या दिशेकडून उघड्या समुद्रावरून तो येतो आणि बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतो. त्या दिवशी पश्चिमेला लाटा उसळतात आणि वाळू डोळ्यांत जाते, पण डोंगराच्या आडोशाला असलेल्या पूर्वेच्या खाड्यांमध्ये पाण्याचा तळ दिसत असतो. आग्नेयेकडून 'शिरोक्को' सुटला की सगळं उलटं. म्हणून माहीतगार माणूस आदल्या रात्री किनारा ठरवत नाही. सकाळी वारा बघतो आणि गाडी काढतो.

या बेटावर गाडी लागते ती एवढ्यासाठी. भूमध्य समुद्रात सिसिलीखालोखाल हे सर्वांत मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे २४,००० चौरस किलोमीटर, किनारा साधारण १,८५० किलोमीटर आणि वस्ती जेमतेम सोळा लाखांच्या आसपास. माणसांच्या जवळपास दुप्पट मेंढ्या. शहरांना जोडणाऱ्या बस आहेत, काही मार्गांवर रेल्वेही आहे. पण चांगले किनारे गावांपासून दूर आहेत, आणि तिथवर पोचवणारं सार्वजनिक वाहन बहुतेक ठिकाणी नाही. ते का नाही, आणि किनारे गावांपासून एवढे दूर का राहिले, याचं उत्तर शोधत गेलं की सुट्टीचा हा प्रवास फार वेगळा दिसू लागतो.

माझा भाचा म्युनिकमध्ये नोकरी करतो. तिथली मराठी कुटुंबं उन्हाळ्यात गाडी काढून आल्प्सपलीकडे उतरतात, तसेच आम्हीही निघालो. ऑस्ट्रियातल्या महामार्गासाठी काचेवर लावायचं 'विन्येट', ब्रेनर खिंडीच्या रस्त्याचा वेगळा टोल, इटलीत शिरल्यावर पुन्हा टोल, आणि शेवटी लिव्होर्नो बंदर. तिथून सार्डिनियातल्या ओल्बियाला गाड्या घेऊन जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटी सुटतात. रात्रीची बोट पकडली तर सकाळी बेटावर.

गाडी बोटीत चढवणं हा एक सोहळाच असतो. बंदरावर रांगा लागतात. छपरावर होड्या बांधलेल्या गाड्या, मागे सायकली अडकवलेल्या गाड्या, आणि मधल्या जागेत पायावर मुलं झोपवलेल्या आया. मग कर्मचारी हातवारे करत एकेक गाडी पोटात घेतात. दोन गाड्यांमध्ये दार उघडेल न उघडेल एवढीच जागा. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, अलार्म बंद करायचा, आणि रात्री लागेल ते सामान सोबत घेऊन वर जायचं. बोट चालू असताना गाड्यांच्या मजल्यावर कुणालाही जाऊ देत नाहीत. ज्यांनी केबिन घेतलेली नसते ते खुर्च्यांवर किंवा चटया टाकून जमिनीवर झोपतात. पहाटे डेकवर गेलात तर ओल्बियाच्या आधी ताव्होलारा बेटाचा चुनखडीचा कडा दिसतो, समुद्रातून सरळ साडेपाचशे मीटर वर उठलेला.

ओल्बियाहून उत्तरेला अर्ध्या तासावर कोस्ता स्मेराल्दा, म्हणजे पाचूचा किनारा, सुरू होतो. पुणेकरांना या किनाऱ्याचं एक नातं माहीत असायला हवं. येरवड्याजवळचा आगाखान पॅलेस १८९२ मध्ये तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधला. पुढे १९४२ मध्ये गांधीजींना तिथंच स्थानबद्ध केलं, महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचं निधन तिथंच झालं. तो वाडा १९६९ मध्ये भारताला देऊन टाकणारे चौथे आगाखान करीम हे सुलतान मुहम्मद शाह यांचे नातू. याच करीम आगाखान यांनी १९६२ मध्ये सार्डिनियाच्या ईशान्य टोकाला जमिनी घेतलेल्या काही धनिकांना एकत्र आणून एक संघ स्थापन केला. तेव्हा या भागाला मोंती दि मोला म्हणत. रस्ता नव्हता, वीज नव्हती, ग्रॅनाइटचे खडक आणि खुरटी झुडपं होती. त्यांनी बंदर बांधलं, हॉटेलं बांधली, पाहुण्यांना आणायला विमान कंपनीसुद्धा काढली. ते बंदर, पोर्तो चेर्व्हो, आज जगातल्या श्रीमंतांच्या नौका नांगरण्याचं ठिकाण झालं आहे.

मला या भागात राहावंसं वाटलं नाही. पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी. या संघानं सुरुवातीपासून बांधकामाला कडक नियम लावले. इमारती बुटक्या असाव्यात, रंग मातीचा असावा, तारा जमिनीखालून जाव्यात, झाडं तिथलीच लावावीत. लुईजी व्हिएत्ती, जाक कुएल यांच्यासारख्या वास्तुकारांनी भिंतींना खडकांचा बाक दिला. त्यामुळे रस्त्यावरून जाताना वसाहत पटकन डोळ्यांत भरत नाही. चूक पुढे झाली. या किनाऱ्याची किंमत पाहून बेटाच्या इतर किनाऱ्यांवर लोकांनी बांधायला सुरुवात केली, आणि तिथं कुठलाच असा नियम नव्हता. वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या सुट्टीच्या घरांच्या रांगा पुढच्या तीस-चाळीस वर्षांत उभ्या राहिल्या. कोस्ता स्मेराल्दाची मोठी हॉटेलं २०१२ मध्ये कतारच्या सरकारी गुंतवणूकदारांकडे गेली. करीम आगाखान २०२५ च्या फेब्रुवारीत लिस्बनमध्ये वारले.

आता मूळ प्रश्न. साठ वर्षांपूर्वी एवढा सुंदर किनारा रिकामा का होता?

कारण सार्डिनियाचा माणूस समुद्राला भ्यायलेला होता. समुद्रावरून येतो तो लुटायला येतो, अशा अर्थाची म्हण तिथल्या भाषेत आहे. फिनिशियन, रोमन, पिसा आणि जिनोव्हाचे व्यापारी, मग स्पेनचे राजे, सगळे समुद्रावरूनच आले. उत्तर आफ्रिकेतले चाचे किनाऱ्यावरची माणसं पकडून गुलाम म्हणून विकायचे. किनाऱ्यावर जागोजागी दिसणारे गोल दगडी बुरूज स्पॅनिश राजवटीत पहाऱ्यासाठी बांधलेले आहेत. चाच्यांहून वाईट होता मलेरिया. किनाऱ्यालगतच्या दलदलीत डास माजायचे. सगळ्या इटलीत मलेरियानं सर्वांत जास्त पोखरलेला प्रदेश हाच. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९५० या काळात, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं घरोघरी, गोठ्यांत, विहिरींत, दलदलीत डीडीटी फवारलं गेलं. डासाची ती जात काही नष्ट झाली नाही, पण रोग गेला. हजारो वर्षं लोक ज्या किनाऱ्यापासून पळत होते तो एका पिढीत राहण्याजोगा झाला, आणि लगेच विकाऊही झाला. जुन्या वाटण्यांमध्ये डोंगरावरची कुरणं मुलांना आणि किनाऱ्याची नापीक जमीन मुलींना द्यायचे, असं तिथं सांगतात. आगाखानांची माणसं जमिनी घ्यायला आली तेव्हा त्या नापीक तुकड्यांचं सोनं झालं.

२००४ मध्ये रेनातो सोरू बेटाच्या सरकारचे प्रमुख झाले. इंटरनेट कंपनी काढून पैसा कमावलेला हा माणूस. त्यांनी आल्या आल्या समुद्रापासून दोन किलोमीटरच्या पट्ट्यात नवीन बांधकाम थांबवलं, आणि २००६ मध्ये संपूर्ण किनाऱ्यासाठी भूदृश्य-आराखडा मंजूर करून घेतला. इटलीत असा आराखडा करणारा पहिला प्रदेश सार्डिनिया. बांधकाम व्यावसायिक चिडले, कोर्टकज्जे झाले, २००९ ची निवडणूक सोरू हरले. त्यांच्यानंतरच्या सरकारांनी हा आराखडा सैल करण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा केले. तरी त्याचा गाभा टिकला आहे. पश्चिमेला किंवा दक्षिणेला गाडीनं जाताना वळणावर अचानक समुद्र दिसतो आणि मध्ये एकही छप्पर नसतं, त्याचं श्रेय मी या आराखड्याला देते.

पण घरं थांबवली तरी गाड्या थांबत नाहीत. उन्हाळ्यात रोज बोटींमधून गाड्या उतरतात, आणि प्रत्येकीला एकाच छायाचित्रातल्या त्याच किनाऱ्यावर जायचं असतं. वायव्य टोकाला स्तिंतीनो गावाजवळ ला पेलोसा नावाचा किनारा आहे. गुडघाभर पाणी दूरवर पसरलेलं, समोर छोट्या बेटावर जुना बुरूज, पलीकडे आसिनारा बेट. आसिनारावर एकेकाळी कडक बंदोबस्ताचा तुरुंग होता. माफियाविरुद्धच्या मोठ्या खटल्याची कागदपत्रं तयार करताना १९८५ च्या उन्हाळ्यात फाल्कोने आणि बोर्सेल्लीनो या न्यायाधीशांना सुरक्षेसाठी कुटुंबांसह तिथंच नेऊन ठेवलं होतं. आज आसिनारा राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथं पांढरी गाढवं चरतात.

ला पेलोसाची वाळू हळूहळू कमी होत होती. ओल्या अंगाला, टॉवेलला, चपलांना चिकटून ती रोज थोडी थोडी जायची. शेवटी नगरपालिकेनं ठरवलं की दिवसाला १,५०० माणसंच येतील. आधी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे (सुरुवातीला माणशी साडेतीन युरो), मनगटावर पट्टी बांधून घ्यायची. टॉवेल थेट वाळूवर टाकायचा नाही, खाली चटई हवी. सिगारेट ओढायची नाही. एवढे नियम ऐकून सुट्टीचा आनंद जाईल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. माणसं मोजकी होती, त्यामुळे पाणी स्वच्छ होतं, आवाज कमी होता, आणि मुलं मनसोक्त खेळत होती.

वाळूचं वेड किती टोकाला जातं ते बंदरांवर आणि विमानतळांवर कळतं. सार्डिनियाच्या किनाऱ्यावरून वाळू, खडे, शिंपले उचलून नेणं हा गुन्हा आहे. २०१७ च्या कायद्यानुसार ५०० ते ३,००० युरो दंड होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पोर्तो तोर्रेस बंदरावर एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत चौदा बाटल्यांत भरलेली चाळीस किलो वाळू सापडली. ती दक्षिणेच्या किया किनाऱ्यावरची होती. विमानाच्या सामानातून मूठभर जाईल, पण गाडीच्या डिकीत बाटल्यांच्या रांगा मावतात. पश्चिमेच्या इस आरुतास किनाऱ्यावर वाळूच्या जागी तांदळाएवढे गारगोटीचे दाणे आहेत, पांढरे, गुलाबी, हिरवट. ते हातात घेतल्यावर खिशात टाकायचा मोह कुणालाही होईल. एकेकाळी लोकांनी ते पोत्यांनी नेले.

सर्वांत कठोर उपाय झाला तो बुदेल्ली बेटावर. ला माद्दालेना द्वीपसमूहातल्या या बेटावरची वाळू गुलाबी आहे. समुद्रगवतात राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म जीवाच्या लाल कवचांचा चुरा तिच्यात मिसळतो, म्हणून हा रंग. अंतोनियोनी यांच्या १९६४ च्या 'रेड डेझर्ट' चित्रपटात हा किनारा दिसला आणि मग लोक लोटले. १९९० च्या दशकापासून तिथं पाऊल ठेवायलाच बंदी आहे. नावेतून, लांबूनच बघायचं. माउरो मोरांदी नावाचा माणूस १९८९ पासून तीसहून अधिक वर्षं त्या बेटावर एकटा राहून राखण करत होता. २०२१ मध्ये त्याला जागा सोडावी लागली. बंदीनंतर वाळूचा रंग सावरू लागला आहे.

याच समुद्रगवतावर, पोसिडोनियावर, थोडं थांबायला हवं. अनेक किनाऱ्यांवर काठाला तपकिरी पानांचे थर साचलेले दिसतात, कधी कधी गुडघ्याएवढे उंच. बरेच पाहुणे नाक मुरडतात, किनारा झाडलेला नाही म्हणून तक्रार करतात. तो कचरा नाही. पोसिडोनिया हे शेवाळही नाही, ती मुळं, पानं, फुलं असलेली वनस्पती आहे आणि तिची इथली जात फक्त भूमध्य समुद्रातच उगवते. पाण्याखालची तिची कुरणं लाटांचा जोर मोडतात, माशांना आसरा देतात, आणि गळून काठाला आलेली पानं हिवाळ्यातल्या वादळांत वाळू धरून ठेवतात. जिथं हॉटेलवाल्यांच्या हट्टापायी यंत्रानं पानं उचलली, तिथं वाळूही त्यांच्यासोबत गेली. नौकांचे नांगर ही कुरणं उपटतात, आणि एकदा उपटलेलं कुरण भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

ओल्बियाहून दक्षिणेकडे जाताना चौपदरी रस्ता नुओरोवरून जातो. १९२६ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या ग्राझिया देलेद्दा यांचं हे गाव. बेटावरच्या रस्त्यांवर टोल नाही, हे सांगून ठेवते. मग दोर्गालीपासून जुना पूर्व सार्डिनिया मार्ग, एसएस १२५, लागतो. हा रस्ता घाईनं करण्याचा नाही. एका बाजूला गोर्रोपूची दरी, हजार मीटर उंचीवरची जेन्ना सिलाना खिंड, वळणावळणावर रस्त्यात उभ्या असलेल्या शेळ्या. काही पाट्यांवर बंदुकीच्या गोळ्यांची भोकंही दिसतात. मेंढपाळांचा हा मुलूख. इथली पाने काराझाऊ ही पातळ कुरकुरीत भाकरी मेंढपाळ महिनोन्महिने सोबत बाळगायचे. ओल्यास्त्रा भागातलं कुलुर्जोनेस हे पक्वान्न मला फार आवडलं. पिठाच्या पारीत बटाटा, मेंढीच्या दुधाचं चीज आणि पुदिना भरून कडा बोटांनी अशा दुमडतात की करंजीला मुरड घालणाऱ्या कुठल्याही सुगरणीनं थांबून बघावं. शाकाहारी माणसाची या बेटावर उपासमार होत नाही.

या रस्त्यानं आम्ही बाउनेईला पोचलो, आणि ज्यासाठी एवढं लांब आलो होतो ते तिथं होतं. गाव डोंगराच्या कडेवर. गावातून तीव्र चढाचा अरुंद रस्ता गोल्गोच्या पठारावर जातो. तिथं गाढवं, डुकरं, शेळ्या मोकळ्या फिरतात. पठारावरच्या वाहनतळावर गाडी ठेवायची. तिथून पुढे वाहन जातच नाही. साडेतीन किलोमीटरची दगडी पायवाट खाली उतरते, होम-ओकच्या आणि ज्युनिपरच्या सावलीतून, मेंढपाळांच्या जुन्या निवाऱ्यांजवळून. तासाभरानं काला गोलोरित्झे दिसतं.

पांढऱ्या गोट्यांची छोटीशी कमान. वर चुनखडीचा सुळका, १४३ मीटर उंच; गिर्यारोहक त्यावर चढत असतात. कडेला खडकाची नैसर्गिक कमान समुद्रात उतरलेली. गार गोड्या पाण्याचे झरे तळातून वर येतात, त्यामुळे पोहताना अंगाला एकदम थंड पट्टे लागतात. हा किनारा फार जुना नाही. १९६२ मध्ये दरड कोसळली तिच्या दगडांतून तो तयार झाला. १९९० च्या दशकात त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. यांत्रिक नौकांना इथं काठाला लागता येत नाही. दिवसाला २५० माणसं, तीही आधी नोंदणी करून, थोडे पैसे भरून. खाली दुकान नाही, छत्री भाड्यानं मिळत नाही, संगीत नाही. ज्या दिवशी आम्ही होतो त्या दिवशी तिथं आजोबाही होते आणि पाठीवर बाळ बांधलेली आईही होती. सगळे चालून आलेले. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी बेटावर शेकडो सोपे किनारे आहेत, त्यामुळे हा नियम अन्यायाचा आहे असं मला वाटत नाही.

सार्डिनियात फिरून माझं मत पक्कं झालं ते हेच. गाडीमुळे बेट खुलं होतं, आणि किनारा वाचतो तो गाडीला लांब थांबवल्यामुळे. जिथं डांबर वाळूपर्यंत आलं आहे तिथं स्टॉल आले, गर्दी आली, वाळू गेली. कोकणात आजही गाड्या सर्रास वाळूवर उतरतात आणि दर मोसमात भरतीत अडकलेल्या गाडीची बातमी येते. वेळास, आंजर्ले, गुहागर इथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. सार्डिनियातही लॉगरहेड कासवं येतात, आणि घरटं सापडलं की त्याभोवती कुंपण घालतात. चाकांखाली वाळू दाबली गेली की पिल्लांना वर येता येत नाही, हे दोन्ही किनाऱ्यांवर सारखंच खरं आहे.

गाडी कुठे उभी करता याला उन्हाळ्यात आणखी एक गंभीर बाजू आहे. वाळलेल्या गवतावर गाडी उभी केली तर तापलेल्या सायलेन्सरनं आग लागू शकते. २०२१ च्या जुलैत माँतिफेर्रू भागात लागलेल्या वणव्यानं हजारो हेक्टर जंगल आणि जुन्या ऑलिव्हच्या बागा जाळल्या. म्हणून आखलेल्या जागीच गाडी लावायची. पांढऱ्या रेषा फुकटच्या, निळ्या पैशांच्या, पिवळ्या राखीव. जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेडटीएल'ची, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाची, पाटी दिसली की आत शिरायचं नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. भारतातून जाऊन गाडी भाड्यानं घेणाऱ्यांनी आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना आणि चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड सोबत ठेवावं.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. १५ ऑगस्टच्या 'फेर्रागोस्तो' सणाच्या आसपास सगळी इटली समुद्रावर असते आणि बोटींची भाडी चढलेली असतात. जून चांगला. सप्टेंबर त्याहून चांगला, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा सुखाचं लागतं आणि किनारे मोकळे होऊ लागतात. गोलोरित्झेला जाणार असाल तर परतीचा चढ उन्हातला आहे आणि खाली पाणी विकत मिळत नाही. माणशी किमान दोन लिटर वरूनच न्या, आणि बाटल्या रिकाम्याच परत आणा.